तबकडीवरची आक्का

माझी थोरली बहीण गायची आणि मी तिच्या मागं तंबोरा धरून बसायचे. महाराज गादीवर होते तो काळ. कोल्हापुरात गाणं भरपूर होतं, पण घरात तबकडी लावली की यंत्रातून गाणं वाजतं हे बहुतेकांच्या नुसतं कानावर आलं होतं.

आक्काला शिकवणाऱ्या बाई आमच्या गल्लीतच राहायच्या. त्यांचा आवाज तोवर बराच खाली उतरला होता. तरी एक सूर लावून त्या थांबल्या की आम्हा दोघींना श्वास घ्यायचं सुचत नसे. त्या यंत्राचा मात्र त्यांना राग. "समोर कोण बसलंय ते बघून मी गाते," म्हणायच्या. "त्या भोंग्यात कुणाला बघू?" तबकड्या काढणाऱ्या मुंबईच्या कंपनीचा माणूस आला तेव्हा त्यांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. तिथून तो थेट आमच्याकडं आला. आक्का बाईंना न सांगता मुंबईला गेली. बरोबर मी होते.

तिथं एका बंद खोलीत, भिंतीतून भलामोठा कर्णा बाहेर आलेला. आक्काला त्याच्या तोंडाशी उभं केलं. सूर खाली आला की एक माणूस तिला खांद्याला धरून पुढं ढकलायचा, वर गेला की मागं ओढायचा. "जोरात बाई, जोरात! आन् लवकर." बाईंनी दिलेली चीज घरी दुपारभर चालायची, ती तिथं तीन मिनिटांत कोंबली. शेवटी गाणारीनं आपलं नाव ओरडून सांगायचं, म्हणजे तबकडी कुणाची ते परदेशातल्या कारखान्यात कळतं म्हणे. आक्का नाव ओरडली तेव्हा तिचा आवाज फाटला.

पुढं पावसाळा गेला, दिवाळी गेली. आम्हाला वाटलं, ती तबकडी फुटली असेल, समुद्रात गेली असेल. मग शाहूपुरीतल्या एका गूळव्यापाऱ्यानं बाईंना आणि आम्हाला दुपारच्या चहाला बोलावलं. नवीन यंत्र आणलं होतं त्यानं. बाई नको म्हणतील असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्या म्हणाल्या, "बघू तरी, काय हाय ते."

शेटनं आधी एका नावाजलेल्या गवयाची तबकडी लावली. विहिरीत पडलेला माणूस हाका मारतोय असं ऐकू आलं. मग एका गाणारीची लावली, आणि आवाज सरळ समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. शेट खुशीत आला. "पुरुषांचा आवाज ह्यात बुडतोय बगा. बायकांचा कसा लख्ख येतोय!"

"फरशीवर ठेवलंय म्हणून खरखरतंय," बाई म्हणाल्या. "खाली गादी घाला. आन् कर्णा कोपऱ्याकडं फिरवा."

गादी आली, कर्णा फिरला, आवाज खरंच गोल झाला. बाई पुढं सरकून बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक बघून माझा जीव हलका झाला. तेवढ्यात शेट हसत म्हणाला, "आता तुमच्यासाठी एक गंमत हाय, बाई."

त्याच्या हातातल्या तबकडीवरचा कागद मला लांबून वाचता येईना. पण आक्कानं माझं मनगट धरलं आणि मला कळलं. शेटनं जुनी टाचणी काढली, नवी बसवली, चावी दिली. त्याला किती वेळ लागत होता! उठून काहीतरी सांडावं, पडावं, असं मनात येत होतं, आणि मी जागची हलले नाही.

पहिल्याच सुराला बाईंची डोलणारी मान थांबली. गाणं संपेपर्यंत त्या कर्ण्याकडं बघत राहिल्या. शेवटी आक्काचं नाव खोलीभर घुमलं.

"पुन्हा लावा," बाई म्हणाल्या.

शेटनं पुन्हा लावली. पुन्हा ते नाव. बाई उठल्या, पदर सावरला, आणि आक्काकडं न बघता म्हणाल्या, "गाण्यातल्या जागा सगळ्या माझ्या, आन् नाव तेवढं तुझं व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून आक्का रोज सकाळी त्यांच्या दाराशी जाऊन बसायची. दार उघडायचं नाही. बऱ्याच दिवसांनी एकदा उघडलं. बाई म्हणाल्या, "ती चीज माझी मला परत दे. पुन्हा कुठं गायची न्हाय. मग ये शिकायला." आक्कानं कबूल केलं.

पण तबकडी कुठं थांबते? उचगावपासून शिरोळपर्यंत ज्याच्या घरी यंत्र, त्याच्या घरी ती. प्रत्येक बैठकीत लोक तीच मागायचे. आक्का हात जोडायची, दुसरं काहीतरी गायची. लोक कुजबुजायचे, गाणारीला माज आलाय. कधी पानाचा विडा न देताच आमची बोळवण व्हायची.

मग कागलला एका इनामदारांच्या घरच्या बारशाला आम्ही गेलो. बाईंनाही बोलावलं होतं, त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या. आक्कानं दोन गाणी म्हटली आणि ओरडा सुरू झाला. "तबकडीतलं! तबकडीतलं म्हणा की!" आक्का नको म्हणाली. इनामदार उठून उभे राहिले. "पावण्यांसमोर आमचा अपमान करताय व्हय?" आक्काच्या कपाळावर घाम आला. ती बाईंकडं बघेना, लोकांकडंही बघेना.

बाई उठल्या. आक्काशेजारी येऊन बसल्या, मला म्हणाल्या, "तंबोऱ्याच्या तारा उतरव." आणि खालच्या पट्टीत, सावकाश, त्यांनी ती चीज सुरू केली.

मी तसं गाणं पुन्हा ऐकलं नाही. पण लोक चुळबुळायला लागले. मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "हे न्हाय. तबकडीसारखं न्हाय हे." हशा पिकला. बाईंनी ते ऐकलं. सूर हलला नाही, पण मांडीवर ताल धरलेला हात थांबला. आक्कानं तो हात आपल्या हातात धरला आणि त्याच खालच्या पट्टीत, त्यांच्या आवाजाखाली आपला आवाज ठेवून गायला लागली. बाईंनी हात सोडवून घेतला नाही. निम्मे लोक उठून जेवायला गेले. दोघी शेवटापर्यंत गायल्या.

परतीच्या गाडीत, कोल्हापूर जवळ आल्यावर बाई म्हणाल्या, "गात जा ती चीज. लोकांच्या कानाला तुझीच सवय लागलीय."

"तुम्ही शिकवली तशी गाईन," आक्का म्हणाली.

"मग बोलावतील का तुला?"

पहिल्यापेक्षा बोलावणी कमी झाली, हे खरं. पण बाई होत्या तोवर, अंगात ताकद असली की आक्काच्या बैठकीला यायच्या आणि मला बाजूला सारून स्वतः तंबोरा धरायच्या.