लवूला द्यायचं उत्तर

खडू बोटांत नाही, मुठीत धरायचा. बांगडे घेताना भाव करायचा नाही, पण होडी कोणाची ते विचारायचा. नकाशावर हिंदी महासागर दाखवताना त्याचा आवाज खाली यायचा. वादात हरायला लागला की चष्मा पुसायचा.

खालिद माझा मित्र. मी मराठी साहित्य शिकलो, तो राज्यशास्त्र. मालवणजवळच्या एका कॉलेजात तो तासिकेवर आंतरराष्ट्रीय संबंध शिकवायचा. एकदा मी त्याच्या वर्गात मागे जाऊन बसलो. वास्तववाद चालला होता.

“राष्ट्रांच्या वर पंच नाही. म्हणून प्रत्येक जण आपलं बळ बघतो. ज्याचं आरमार, त्याचा समुद्र.”

लवू उठला. त्याचं घर रापणीवर चालतं. किनाऱ्यावर उभं राहून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं, ती रापण.

“सर, रापणीत दोरीक हात लावलो त्येका वाटो. वाटेन जाणारो आसलो तरी. ह्यां तुमच्या पुस्तकात खंय बसता?”

“होडीवाल्याक जास्त वाटो मिळता मा रे?”

“मिळता. पण रिकाम्या हातान कोणाक धाडनत नाय.”

“सरांनी चष्मो काढल्यानी!” पूजा ओरडली. “लवू, जिंकलंस!”

खालिदही हसला. “हे लिहिणाऱ्यांनी रापण बघितलीच नाही. त्यांच्या नकाशात आपला किनारा म्हणजे रिकामी जागा. ज्यांच्यावर राज्य झालं ते जगाकडे कसं बघतात, तो पुढचा भाग. त्यात तुका उत्तर देतंय.”

दिवाळीनंतर त्याची नेमणूक वाढली नाही. तो तेलाच्या जहाजावर स्वयंपाकघरात लागला. मुलांना नवे सर मिळाले नाहीत. मग तोच तिथून फोनवर धडे बोलून पाठवू लागला.

मला म्हणाला, “कौस्तुभ, मी सिद्धांतातच राहायला आलोय. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्याचा, तेल तिसऱ्याचं. भांडी तेवढी माझी.”

मार्चमध्ये दोन देशांच्या भांडणात त्या जहाजावर ड्रोन आदळला. आपला देश त्या भांडणात नव्हता. बातमीत जहाजाचं नाव होतं. तेलाचे भाव होते. खालिद ‘एक कर्मचारी’ होता.

त्याची आई, खतिजाचाची, मयत घरी आणण्यासाठी जहाज कंपनीला, सरकारी कचेऱ्यांना फोन करत राहिली. पलीकडचे आधी झेंडा कुठला ते विचारायचे.

“माझो झील खंयचो, ता कोणच इचारूक नाय रे,” ती मला म्हणाली.

मी पुढचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.

त्याला दफन केलं त्या दिवशी रापण पडली नाही. लवूने जनाज्याला खांदा दिला.

खालिदने पाठवलेला शेवटचा धडा लवूच्या फोनमध्ये आहे. “दुसरा भाग. लवू, तुझ्या रापणीपासून सुरू करूया.” मागून कोणीतरी हिंदीत हाक मारतं.

“जेवणाची वेळ झाली,” खालिद म्हणतो. “वाढून येतो, मग सांगतो.”