बराकीत दिवे लागायचे तेव्हा

कुवेतमध्ये मी एसीच्या कामात आहे. इथल्या राई भागातल्या ज्या कंपनीत नोकरी करतो, तिच्याकडे वाळवंटातल्या एका तळाची देखभाल होती. तळ महासत्तेच्या फौजेचा. आखातात युद्धाची कुणकुण लागली त्या उन्हाळ्यात तिथल्या एका बराकीतले सैनिक निघून गेले. कुठे, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. फक्त हुकूम आला: एसी बंद करायचे नाहीत, दिवे रोजच्या वेळी लावायचे, रोजच्या वेळी मालवायचे.

माझ्याबरोबर चिपळूणचे एक काका असत, नोकरीची शेवटची वर्षं मोजणारे. आम्ही दोघं फिल्टर तपासत त्या लांबलचक दालनातून फिरायचो. दोन्ही बाजूंना खाटा, चादरी ताणून घातलेल्या. उशांचे अभ्रे दर आठवड्याला बदललेले दिसायचे. बदलणारा माणूस मात्र आम्हाला कधीच दिसला नाही.

"फिल्टरवर धूळच नाही बघ," काका एकदा हळूच म्हणाले. "माणसं राहिली की धूळ होते."

एका दुपारी आम्ही आत असतानाच हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा झाला. दोघं दोन खाटांखाली शिरलो. जमिनीलगत पाहिलं, तर दालनाच्या टोकापर्यंत खाटांचे नुसते पाय. एकाही खाटेखाली बूट नव्हते. भोंगा थांबला आणि दाराजवळचा फोन वाजू लागला. मी उचलला.

"आत किती जण?" पलीकडच्यानं इंग्रजीत विचारलं.

"दोन. एसीवाले."

कागद उलटल्याचा आवाज आला. "यादीत पूर्ण बराक आहे," तो म्हणाला. "सगळे सुखरूप, असं लिहितो."

संध्याकाळी मी देखभालीच्या साहेबाला गाठलं. तो त्या फौजेच्याच देशाचा, केस इथेच पिकलेले.

"माणसं ठेवली तर मारा त्यांच्यावर होईल," तो म्हणाला. "काढली असं दिसलं, तर इथले मित्रदेश दुसरा आधार शोधतील. आणि सगळीकडे पुरेल एवढी फौज आता आमच्याकडे नाही. म्हणून निर्णय होईपर्यंत दिवे."

"निर्णय कधी होणार?"

"मीही विचारलं होतं. उत्तर आलं, दिवे चालू ठेवा."

सलवा भागातल्या घरी पोचल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती इस्पितळात नर्स आहे, सहसा घाबरत नाही. हातातलं काम थांबवून ती म्हणाली, "म्हणजे आकाशातून बघणाऱ्या शत्रूच्या लेखी तिथले सैनिक तुम्ही दोघंच."

मला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी कंपनीत जाऊन शोरूमचं काम मागून घेतलं. काकांनाही चला म्हटलं. ते म्हणाले, "मी सुट्टीवर जातो तो परत येत नाही." आणि खरंच आले नाहीत.

आमच्या जागी जलीबच्या कामगार वस्तीतून दोन नवे गडी नेमले. तळाचे पास घ्यायला कंपनीत आले तेव्हा एकानं मला विचारलं, "भाऊ, तिथलं काम कसं आहे?"

आमच्या कंपनीचे साहेब शेजारीच उभे होते.

"हलकं आहे," मी म्हणालो.