जायफळाचा अर्धा तुकडा

सहाणेवर जायफळाचा अर्धा तुकडा कोरडाच पडलेला दिसला आणि माझा हात थांबला. चक्क्यात साय, साखर, वेलची घालून मी मघाशीच वाटी ह्यांच्यासमोर ठेवून आले होते. जायफळ उगाळायचं राहूनच गेलं.

औषधांनी तोंडाची चव पार गेल्यापासून हे एवढंच खातात, सफरचंदाची पातळ फोड त्या गोड चक्क्यात बुडवून. गोड कळत नाही, पण मऊ असतं, गिळवतं. एरवी लग्नापासून माझ्या प्रत्येक गोडाधोडावर ह्यांचा एकच शेरा असायचा, "जायफळ जरा जास्तच पडलंय." मी चिडायचे आणि पुढच्या वेळी तेवढंच घालायचे.

दुखणं घरात शिरलं की एकेक गोष्ट उचलून नेतं. चव गेली, भूक गेली, मग आमची भांडणंही गेली. भांडणं गेल्याचं इतकं वाईट वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं.

मी बाहेर गेले. वाटी निम्मी संपली होती. ओठ पुसत हे सावकाश म्हणाले, "आज जायफळ जरा जास्तच पडलंय."

मी वाटी उचलली.

"उद्या कमी घालते," मी म्हणाले.