गंगूअक्कांचा शब्द

गंगूअक्का चांदी आधी दगडावर टाकून ऐकत, मग बघत. चिकपेटेतल्या त्यांच्या दुकानाच्या माडीवरच मी भाड्यानं राहत होतो. शाळेत इतिहास शिकवायचो, म्हणून त्या मला 'मेष्ट्रे' म्हणत. घराणं तीनशे वर्षं बेंगळुरातलं; मराठीत कन्नड मिसळलेलं. "डोळा फसतो मेष्ट्रे, कान स्वल्प कमी फसतो," हे त्यांचं नेहमीचं.

त्यांच्या यजमानांना मोडीत आलेल्या जुन्या चांदीत एकदा सहा ग्रीक नाणी मिळाली होती. नखाहून लहान, चांदीची, एका बाजूला घुबड. समाजातल्याच एका वकिलानं ती आठ दिवस बघायला म्हणून नेली आणि परत दिली ती ओतलेली नक्कल. यजमानांनी जाब विचारला, तर चारचौघांत म्हणाला, "नकली नाणी पाडणं हा यांचाच धंदा." गिऱ्हाईक तुटलं. दोन वर्षांत यजमान खंगून गेले. तेव्हापासून गादीवर अक्का.

पुढं दहाएक वर्षांनी वकिलानं तीच नाणी एका परदेशी संग्राहकाला विकायला काढली. साहेब हट्टाला पेटला, पेठेतल्या जाणत्या माणसाला दाखवू. सगळ्यांनी अक्कांचं नाव सांगितलं. खऱ्या नाण्यांना कसली भीती, म्हणून वकीलही आला. इंग्रजीसाठी अक्कांनी मला खाली बोलावलं.

सहाही नाणी त्यांनी दगडावर वाजवली. मग भिंग लावलं. घाई केली नाही.

"ओतीव आहेत," त्या म्हणाल्या. "सांगा साहेबांना."

नाणी अस्सल होती. ते मलाही दिसत होतं. वकील माझ्याकडे बघत होता. मी अक्कांचा शब्द जसाच्या तसा इंग्रजीत सांगितला. साहेब टोपी उचलून निघून गेला.

महिन्याभरात गावभर झालं. वकिलाचा सगळा संग्रहच खोटा ठरला. कुणी त्याच्या दारात फिरकेना. एका दुपारी तो एकटाच आला.

"अक्का, नाणी खरी आहेत. तुम्हांला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग एकदा तसं सांगा."

"ते असते तर त्यांनी सांगितलं असतं."

त्यानं नाण्यांची पुडी गादीवर ठेवली. "तुमचीच आहेत. ठेवून घ्या."

अक्कांनी ती बोटानं त्याच्याकडे सरकवली. "आमच्या दुकानात खोटा माल ठेवत नाही."

काही वर्षांनी अक्का गेल्या. शेवटच्या दुखण्यात मी विचारलं होतं, कधी वाईट वाटलं का? त्या सरळ "नाही" म्हणाल्या. वाटलं असेल तर ते मला, आणि तेही पुरतं नाही.