पायाळू नातीचा खुबा

शिबिराचे प्रमुख पाहुणे माझ्या तपासणीच्या टेबलावर पालथे पडले होते आणि एक आजी दोन महिन्यांच्या नातीचा पाय त्यांच्या कमरेवर टेकवत होत्या.

शिबिर तान्ह्या बाळांच्या खुब्यांच्या सोनोग्राफीचं होतं. मशीन कायद्यानं सेंटरबाहेर नेता येत नाही, म्हणून उद्घाटनही माझ्या शिरूरच्या सेंटरमध्येच. साखर कारखान्याचे संचालक आप्पा समई लावायला वाकले आणि कमरेत उसण भरली. रांगेतल्या, निमोणे गावच्या एक आजी लगेच पुढे झाल्या.

"आमची पोर पायाळू हाय. झोपा पालथं."

पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेलं मूल. त्याचा पाय लागला की उसण उतरते, असं लोक मानतात. आम्ही डॉक्टर वेगळंच मानतो. अशा मुलांचा, त्यातही मुलींचा, खुबा कच्चा असण्याची शक्यता जास्त. या वयात तिथं बरीचशी मऊ कूर्चा असते. ती एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत दिसते.

"आप्पा, टेबल पेशंटसाठी आहे."

"मग मी कोन हाय?"

त्यांना बाकावर हलवलं आणि नातीला घेतलं. डावा खुबा बघितला. पुन्हा बघितला. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत बसतो, ती वाटी उथळ होती.

"पट्टा लावावा लागेल," मी म्हणालो. "दोन-तीन महिने, रात्रंदिवस. पाय वाकवून, फाकवून ठेवायचे."

"पोरगी चालंल ना?" बाळाची आई पहिल्यांदाच बोलली.

"आत्ता लावला तर चालेल. तसंच सोडलं तर बहुतेक लंगडेल."

आजी ऐकेनात. "पाय फाकवून ठिवल्यावर फेंगडी व्हईल की. आन् गावातली लोकं कंबर धरून येत्यात, त्यास्नी काय सांगू?"

मी आकृती काढली. वाटीचा कोन समजावला. देवळातली देणगीदारांची पाटी बघावी, तशा आजी ती बघत राहिल्या.

बाकावरून आप्पा कण्हत म्हणाले, "आक्का, गळीत संपलं की आमी कारखाना बंद ठिवतो का न्हाई? मशिनरी खोलतो, दुरुस्त करतो. तशीच चालवली तर फुडचा सीझन जातो. पोरीला जरा सुट्टी द्या."

"आसं सांगावं की मग," आजी म्हणाल्या, आणि रागानं माझ्याकडे बघितलं.

पट्टा पुण्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी बसवला. शेवटच्या सोनोग्राफीत वाटी व्यवस्थित खोल दिसली.

आता निमोण्याच्या आसपास पायाळू मूल जन्मलं की घरचे आपणहून घेऊन येतात. पाय चालू कंडिशनमध्ये आहे ना, तेवढं बघून द्या म्हणतात. कुणाला उसण भरली की गावाची सोय असते. कारण चुकीचं आहे. पण बाळ बरोबर वयात टेबलावर येतं, म्हणून मी गप्प बसतो.