आमच्या न्हाणीचा इंजिनियर

चंद्रपूरजवळच्या मूल गावात त्याला सगळेच इंजिनियर म्हणायचे. ज्यांच्या घरी त्यानं काम केलं नव्हतं ते आदरानं, आणि ज्यांच्या घरी केलं होतं ते दातओठ खाऊन. होता तो गवंडी. पन्नाशीचा, काटक, कानावर पेन्सिल. पेन्सिल निव्वळ शोभेची, कारण लिहिण्याजोगं माप तो कधी घेतच नसे. सगळं वितीनं मोजायचा. मी टेप आणून दिला तर म्हणाला, "बाई, टेपाचा काई भरोसा नाई. उन्हानं लंबा होते. हात कधी लंबा होते काय?"

अशा शास्त्रशुद्ध माणसाच्या हाती मी आमची जुनी न्हाणी सोपवली, कारण गावातले बाकीचे गवंडी धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, गेले होते. नव्वदच्या दशकाची अखेर होती, मी तिथल्याच शाळेत शिकवत होते. बाबूजी, म्हणजे माझे वडील, त्या न्हाणीतल्या शेवाळलेल्या फरशीवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. नागपूरला ऑपरेशन झालं. यापुढे उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आमचा संडास अंगणाच्या टोकाला, तीन पायऱ्या चढून. म्हणून न्हाणी फोडून तिथंच कमोड बसवायचं ठरलं. बाबूजी घरी यायला पंधरा दिवस होते.

"दहा दिवस खूप झाले," इंजिनियर म्हणाला.

पहिले दोन दिवस न्हाणी आधी बांधलेल्या गवंड्याची अक्कल काढण्यात गेले. मग इंजिनियरही रोवणीला गेला. आठवड्यानं उगवला तो गुडघाभर चिखलानिशी. मी बोलायच्या आत म्हणाला, "करून राह्यलो न, बाई! तुमी पोरायले शिकवा, हे माह्यावर सोडा."

मी सोडलं. त्यानं टाइल्स बसवल्या. अर्ध्या गुलाबी, अर्ध्या हिरव्या, कारण दुकानात तेवढ्याच शिल्लक होत्या. गल्लीतला पहिलाच कमोड, त्यामुळे शेजारपाजारचे लोक दर्शनाला येऊन गेले. मग मी बादलीभर पाणी ओतून पाहिलं. सगळं पाणी मोरीकडे पाठ फिरवून थेट स्वयंपाकघराच्या दारात आलं. इंजिनियरनं वाकून पाण्यात वीत टेकवून पाहिली.

"पाण्याले सवय नाई अजून," तो म्हणाला. "होईन दोन-चार दिवसांत."

पाण्याला सवय झाली नाही. फरशी फोडावी लागणार होती, आणि तेवढ्यात बाबूजी घरी आले. त्यांनी काठी टेकत न्हाणी पाहिली आणि तोंड फिरवलं. "खुर्चीवर बसून? मी? नाई." आयुष्य जंगलात, वनखात्याच्या नोकरीत गेलेला माणूस. त्यांना अंगणातच जायचं होतं, आणि पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. मग त्यांनी जेवणच कमी केलं. तिसऱ्या दिवशी भाताचं ताट बाजूला सारलं. आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून रडत बसली. मला शाळेत चाळीस पोरं गप्प करता यायची, पण घरातल्या एका म्हाताऱ्यापुढं माझं काही चालेना.

फरशी फोडायला आलेल्या इंजिनियरनं हे सगळं ऐकलं. थापी ठेवली, हात धुतले, धोतर सावरलं, कमोडचं झाकण पाडलं आणि दार सताड उघडं ठेवून त्यावर ऐसपैस बसला.

"बाई, चहा आणा इथीच."

मी मुकाट्यानं आणला. त्यानं बशीत ओतून फुरके मारायला सुरुवात केली. "बाबूजी, इकडं पाहा. पाय दुखून नाई राह्यले, कंबर दुखून नाई राह्यली. मले तर कलेक्टर झाल्यावानी वाटून राह्यलं. आता सांगा, तुमचा अर्ज काय आहे?"

बाबूजींनी आधी भिंतीकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच हसत होते. हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "उठ बे! ते जागा माही हाय."

फरशी त्या दिवशी फुटलीच नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीची कडी आतून लागली. आईनं त्या दिवशी गोडाचं केलं.

दोन-तीन वर्षांनी वाघांच्या जंगलालगतच्या मोहर्लीला रिसॉर्टं उभी राहू लागली आणि इंजिनियर तिकडं कामाला गेला. वाघ बघायला आलेल्या शहरी लोकांना त्यानं न्हाणीत कसले कसले उतार दिले असतील, देव जाणे.

तो मला शेवटचा भेटला मूलच्या बसस्टँडवर. चंद्रपूरच्या गाडीत खिडकीशी बसला होता. मला पाहून ओरडला, "बाई, बाबूजी बरे आहेत न?"

"गेले, भाऊ. पोळ्याच्या आधी."

तो जागेवरून उठला. पिशवी काढली, माणसांतून वाट काढत खाली उतरला.

"चला घरी. आईले भेटतो."

कंडक्टरनं घंटी मारली, वर दोन शिव्याही दिल्या. "जाऊ दे न बे," असं म्हणून इंजिनियर माझ्या पुढं चालू लागला.