खांद्याला घट्टा असलेली गाडी

मोटारगाडी विकत घेण्याआधी तिला बैलासारखी जुंपून बघणारा या भूतलावर एकच माणूस असेल, तर ते माझे थोरले साडू. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. किन्हवलीच्या बाजूला गुरांच्या सरकारी दवाखान्यात ते परिचर म्हणून चिकटले आणि परिचर म्हणूनच निवृत्त झाले. पण त्या सगळ्या गावांत डॉक्टर म्हणून ओळखतात ते त्यांनाच. बदलून येणाऱ्या खऱ्या डॉक्टरांना लोक 'नवीन साहेब' म्हणत, आणि साहेब जुने होण्याआधीच त्यांची पुढची बदली होई. देवाने आधी बैल घडवला आणि उरल्यासुरल्या मातीत बाकीची सृष्टी उरकली, अशी दाजींची प्रामाणिक समजूत आहे. माझे लग्न ठरत होते तेव्हा मुलीकडची मंडळी आमच्या घरी आली. सासऱ्यांनी माझे शिक्षण विचारले, पगार विचारला. दाजींनी काहीच विचारले नाही. ते उठले, माझ्याभोवती एक चक्कर मारली, मागून खांदे न्याहाळले आणि सासऱ्यांना म्हणाले, "खाण्याला बारीक दिसतो, पण टिकंल." त्या एका शिफारशीवर मी आजतागायत टिकून आहे. मला ताप आला तर ते कपाळाला हात लावत नाहीत, कान चाचपतात. शहापुरात मास्तरकी करणाऱ्या माणसाने भर वर्गात, पोरांसमोर कान चाचपून घ्यावेत आणि वर "गार हायत, काय होत नाय" हे ऐकून घ्यावे, यात माझी जी काही अब्रू गेली तिचा हिशेब मी ठेवलेला नाही.

अशा माणसाला निवृत्तीनंतर कॅरव्हॅन मिळावी, ही नशिबाची थट्टाच. शेणव्याजवळ एका मुंबईकर साहेबांचे फार्म होते. त्यांच्या घोडीचे अडलेले वेत दाजींनी सोडवले होते. पुढे साहेबांनी फार्म विकले, मुलाकडे परदेशी निघाले, आणि जाताना कधीकाळी हौसेने आणवलेली ती दोन चाकांची छोटी खोली दाजींना देऊन गेले. आत दोन बाकडी, ती जोडली की पलंग. एक छोटी मोरी, एक ओटा, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. तिला स्वतःचे इंजिन नाही, कुणीतरी ओढायची. किन्हवलीत कॅरव्हॅन हा शब्द कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा गावाने तिचे नाव 'चाकावरचं खोपट' ठेवले. ते खोपट ट्रॅक्टरने ओढत आणून खळ्यात उभे केले गेले, आणि पुढची दोन वर्षे त्यात कोंबड्यांनी अंडी घातली.

पुढचे सगळे रामायण घडले ते अक्कांच्या एका वाक्याने. अक्का म्हणजे माझी मेहुणी, दाजींची बायको. बाई अत्यंत शांत आणि अत्यंत हट्टी. शांत असल्यामुळे हट्ट लवकर लक्षात येत नसे. त्यांची एकुलती लेक नंदा माळशेज घाट चढून वर गेल्यावर लागणाऱ्या एका गावात दिली होती. लग्नाला सात वर्षे झाली होती आणि नंदाला मूल नव्हते. आणि लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. बाकीच्यांनी ती कधीच सैल केली होती. दाजी तर जावयाकडे जाऊन दोन-दोन वाट्या आमटी पीत. अक्कांनी मात्र ती इतकी ताणली होती, की लेकीच्या घरचेच काय, तिच्या गावचे पाणीही त्यांना वर्ज्य. बरे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावे, तर एसटीच्या डिझेलच्या वासाने त्यांना मुरबाडच्या आतच उलट्या सुरू होत. सात वर्षांत त्या लेकीच्या दारात एकदाच पोचल्या, त्याही अर्धमेल्या, आणि तासाभरात कोरड्या घशाने परतल्या. नंदा माहेरी येई तेव्हा मायलेकी बोलत बसत, पण लेकीचा संसार आईने डोळे भरून पाहिला नव्हता. एक दिवस खोपटातली अंडी काढताना अक्का तिथल्या ओट्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "हे आपलं घर नंदीच्या दारात नेऊन उभं केलं, तर आपल्या चुलीवर शिजवून, आपलं पाणी पिऊन मला आठ दिस राहता येईल." बस्स. दाजींनी त्याच दुपारी कोंबड्यांना बाहेर काढले.

आता खोपट ओढायला गाडी हवी. मी सुशिक्षित मनुष्य असल्यामुळे सल्ला दिला, की घाट चढायचा आहे, ओझे ओढायचे आहे, तर एखादी जुनी डिझेल जीप घ्या. दाजींनी माझ्याकडे दयेने पाहिले. "आन् तुमची मेहुनी त्यात बसंल?" म्हणजे पेट्रोलच हवी. आणि त्या काळात पेट्रोलची जुनी आणि दमदार गाडी मिळणे महाकठीण होते, कारण पेट्रोल परवडत नाही म्हणून लोकांनी मोठ्या गाड्यांची मूळ इंजिने काढून पोटात डिझेलची बसवली होती. बाहेरून साहेबाची गाडी, आतून पाण्याचा पंप. पेट्रोलच्या उरलेल्या बहुतेक गाड्या इतक्या लहान, की त्यांनी खोपट ओढण्याऐवजी खोपटानेच त्यांना घाटातून खाली ओढून आणले असते.

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आम्ही गाड्या पाहत फिरलो. आम्ही म्हणजे दाजी, कारण त्यांना जनावर कळते. आणि मी, कारण मला गाडी चालवता येते. दाजींची पद्धत ठरलेली. लांबून आधी उभी गाडी बघायची. मग डावीकडून एक चक्कर. मग एकेका चाकासमोर बसून खूर तपासल्यासारखा टायर दाबायचा. मग मालकाला इंजिन सुरू करायला लावून खिशातली नळी काढायची, तिची दोन टोके कानात घालायची आणि तिसरे बॉनेटवर ठेवून डोळे मिटायचे. शहापुरातल्या एका व्यापाऱ्याच्या गाडीला त्यांनी "छातीत कफ हाय" असे सांगितले. व्यापाऱ्याने मला बाजूला घेऊन हे गृहस्थ कुठल्या गॅरेजचे म्हणून विचारले. मी खरे सांगितले, आणि ती बोलणी तिथेच संपली. दुसरी एक गाडी इतकी चकचकीत होती, की मी तिच्या दारात पाहून भांग पाडला. दाजी तिच्या जवळसुद्धा गेले नाहीत. "मास्तर, म्हशाच्या जत्रंत बैलाच्या शिंगांना तेल चोपडून कोन आनतो? ज्याला खपवायचाय तो." तिसऱ्या गाडीच्या मालकाला त्यांनी किन्हवलीलाच बोलावले, गाडीमागे भाताची सहा पोती भरलेली बैलगाडी बांधली, तिची चाके दोराने जखडली आणि चढावर म्हणाले, "ओढा." शेकडो बैलांची पारख त्यांनी अशीच केली होती. बैल अशा वेळी गुडघे टेकून का होईना, जोर लावतो. गाडीने जोर लावला, पण क्लचमधून असा वास सुटला की अख्खे गाव नाकाला पदर लावून उभे राहिले. मालक गाडी सोडवून घेऊन गेला, तो पुन्हा त्या रस्त्याला दिसला नाही.

शेवटी मुरबाडला एका मांडववाल्याकडे जिची गाठ पडली, ती दिसायला इतकी दरिद्री होती की मी मोटारसायकलवरून उतरलोसुद्धा नाही. रंग कधी पांढरा असावा. एका दाराला दोरी. दाजी मात्र मागच्या बाजूला जाऊन वाकले ते वाकलेलेच राहिले. मागे बंपरखाली एक जाड आकडा होता आणि त्याच्या आसपासचे लोखंड घासून गुळगुळीत झाले होते. दहा वर्षे ती गाडी लग्नांच्या मांडवात जनरेटरची ट्रॉली ओढून नेत होती. आणि मालकाला इंजिन बदलणे कधी परवडले नाही, म्हणून अजून पेट्रोलवर होती. "मास्तर," दाजी दबक्या आवाजात म्हणाले, "खांद्याला घट्टा हाय. जू माहीत हाय हिला."

मग सौदा. दाजींनी खांद्यावरचा टॉवेल काढला, मालकाच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्याची बोटे धरली. गुरांच्या बाजारात भाव असाच होतो, तोंडाने बोलायचा नाही, टॉवेलखाली बोटे दाबून ठरवायचा, म्हणजे चार लोकांना कळत नाही. इथे चार लोक नव्हतेच, मी एकटा होतो. मांडववाला तिशीतला मुलगा, त्याला यातले ओ की ठो ठाऊक नाही. एक म्हातारा मनुष्य आपला हात का कुरवाळतो आहे हे न कळून तो लाजून लाल झाला. इतक्यात ओटीवर बसलेला त्याचा बाप उठला, मुलाला बाजूला सारून म्हणाला, "तुला नाय कळायचं, हो तिकडं," आणि त्याने टॉवेलखाली हात घातला. दोघे म्हातारे दोन मिनिटे एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे राहिले. मग दोघेही हसले आणि सौदा झाला. गाडी कितीला पडली हे अक्कांना कधी कळले नाही, मला आणि बहुधा त्या मुलालाही अजून माहीत नाही.

अक्कांनी मागच्या सीटवर बसून वास घेतला. आम्ही सगळे श्वास धरून उभे. "बरा हाय," त्या म्हणाल्या, "रॉकेलच्या दुकानासारखा. चालंल." वैशाखाच्या सुरुवातीला एका सकाळी आम्ही निघालो. स्टिअरिंगवर मी, शेजारी दाजी, मागे अक्का, आणि त्यांच्यामागे खोपट. खोपटात तांदूळ, स्टोव्ह, जळण, आणि आठ दिवस पुरेल इतके घरच्या विहिरीचे पाणी, दोन मोठ्या कॅनमध्ये. मुरबाडला लोक पानाच्या टपऱ्या सोडून बघायला आले. घाटाखालचे वैशाखरे गाव मागे पडले आणि घाट सुरू झाला. दाजी सबंध रस्ता गाडीशी बोलत होते. वळण आले की "सांभाळ गो", चढ आला की "हां माझी बाय, अजून जरा." आणि मला कबूल केले पाहिजे, की ती ओढत होती. डिझेलच्या जीपने काय ओढले असते, अशी ओढत होती.

अर्ध्या घाटात इंजिनाच्या उष्णतेचा काटा जरा वर सरकला. तांबड्यात गेला नव्हता, पण मी गाडी बाजूला घेतली. मागे अक्कांचे डोळे मिटलेले होते. थोडे थांबून रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घातले की भागेल, असे मी म्हणालो. दाजी खोपटातून एक कॅन घेऊन आले. त्यातले थोडे पाणी रेडिएटरमध्ये गेले, बाकीचे त्यांनी बॉनेटवर, जाळीवर, चाकांवर ओतले. मग दुसरा आणला. "दाजी, अक्कांचं पाणी," मी म्हणालो. "जनावर तहानलंय," ते म्हणाले, आणि दुसराही रिकामा केला. त्या उन्हात रस्त्यावरून ओघळ खाली वाहत गेला आणि वाळून गेला. मला त्यांचा भयंकर राग आला. सहा महिन्यांची पायपीट या एका पाण्यासाठी होती, आणि या माणसाने ते लोखंडाला पाजले.

दुपारी नंदाच्या अंगणात खोपट उभे राहिले. अक्का आत गेल्या, कॅन हलवून पाहिले, आणि बाकड्यावर बसल्या. ऊन मी म्हणत होते. जावई, शेजारी, सगळे अंगणात घुटमळत होते. नंदा पाण्याचा तांब्या घेऊन खोपटाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. "आये," ती म्हणाली, "मला मूल नाय झालं, तर तू कधीच नाय पिनार का?" अक्कांनी तिच्याकडे पाहिले. मग पायरीवर उतरून तांब्या घेतला आणि उभ्यानेच सगळे पाणी प्याल्या, वर तोंड करून, थेंबही न सांडता. रिकामा तांब्या नंदाच्या हातात देऊन म्हणाल्या, "भात टाक गो. मला भूक लागलीय." नंदा तिथेच पायरीवर बसून रडू लागली. मी चष्मा पुसायला तोंड फिरवले, तर दाजी बॉनेटला नळी लावून उभे होते. इंजिन बंद होते.

अक्का आठ दिवसांसाठी गेल्या होत्या, महिनाभर राहिल्या. लेकीच्या घरात, तिच्याच चुलीपाशी. खोपटात कुणी झोपलेच नाही. ते तिथेच अंगणात राहिले, अजून आहे, जावई त्यात कांदे ठेवतो. मी आणि दाजी दुसऱ्या दिवशी नुसती गाडी घेऊन उतरलो. घाटात, आदल्या दिवशी थांबलो होतो त्या वळणाच्या पन्नास पावले अलीकडे, रस्त्याच्या कडेला हातपंप होता, चढताना काट्यावर नजर असल्याने माझ्या लक्षात न आलेला, आणि दोन बाया त्यावर हंडे भरत होत्या. मी गाडी थांबवून दाजींकडे पाहिले. ते बाहेर बघत राहिले. "सात वर्षं बोलून बघितलं, मास्तर," ते म्हणाले, "बोलन्यानं काय झालं नाय. तुमी तिला सांगू नका." मी कुणाला सांगितले नाही.

चार वर्षांनी अक्का आजारी पडल्या. मी भेटायला गेलो तेव्हा दाजी औषध आणायला गेले होते. अक्का एकदम म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिशी घाटात मी जागी व्हते. हापशीवरच्या बायापन बघितल्या. ह्यांना थांबा म्हनायचं तोंडावर आलं व्हतं." मी विचारले, मग का नाही म्हणालात? "रीत मोडायची तर होती," त्या म्हणाल्या, "पन मला आपल्या हातानं मोडवत नव्हती. त्यांनी मोडून दिली. त्यांना बोलू नका, त्यांना वाटू दे आपन फसवलं म्हनून." पंधरा दिवसांनी त्या गेल्या.

दाजी आता ऐंशीला आले आहेत. अक्कांना एकदाच फसवले, आयुष्यात एकदाच, असे अधूनमधून स्वतःशीच बोलतात, आणि त्याचे त्यांना वाईट वाटते. मी दोघांनाही शब्द देऊन बसलो आहे. किन्हवलीला जातो तेव्हा दर वेळी ठरवतो, की आज सांगायचे: अक्का जाग्या होत्या, दाजी, त्यांनी तुम्हाला ओतू दिले.